बुरुजाची नजर : किनाऱ्यावरचे टेहळणी-बुरूज आणि आपले दुर्गलेखन

१

अर्नाळ्याच्या बेटावर मुख्य किल्ल्यापासून वेगळा, दक्षिणेच्या बाजूला एक गोल बुरूज एकटाच उभा आहे. त्याला तट नाही, दरवाजाची कमान नाही, आत मंदिर किंवा तळे नाही. किल्ला पाहायला गेलेला माणूस दरवाजावरचे कोरीवकाम पाहतो, शिलालेख वाचतो, आतले अष्टकोनी तळे आणि त्र्यंबकेश्वराचे देऊळ पाहतो आणि परतीच्या बोटीची वेळ झाली म्हणून किनाऱ्याकडे वळतो. बुरूज राहून जातो.

काही वर्षांपूर्वी किनारी किल्ल्यांवर एक लेख लिहिताना मीही तेच केले. अर्नाळ्याला मी दोन पाने दिली आणि या बुरुजाला दीड ओळ. त्या ओळीत मी त्याला ‘मार्टेलो धाटणीचा बुरूज’ म्हटले होते. लेख छापून आला, कोणी हरकत घेतली नाही, मलाही काही खटकले नाही. नंतर धरमपेठेतल्या घरी टेबलावर पालघर किनाऱ्याचा नकाशा पसरून दुसऱ्याच कामासाठी गावांची नावे शोधत होते, तेव्हा ती ओळ चुकीची असल्याचे लक्षात आले. चूक एका विशेषणापुरती नव्हती. किनाऱ्यावरचा बुरूज कशासाठी असतो हा प्रश्नच मी विचारला नव्हता. आपल्या दुर्गलेखनानेही तो फारसा विचारलेला नाही, असे आता मला वाटते. प्रस्तुत लेखात त्या चुकीचाच माग काढायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपण टेहळणी-बुरुजाला लहान आकाराचा किल्ला समजून वाचतो. किल्ल्याला विचारायचे प्रश्न (कोणी बांधला, कोणी जिंकला, किती तोफा होत्या) त्यालाही विचारतो आणि उत्तर मिळाले नाही की दीड ओळीत उरकतो. पण बुरुजाचे काम लढणे हे नव्हते. पाहणे आणि पाहिलेले पुढे कळवणे हे होते. त्यामुळे तो एकेकटा वाचताच येत नाही. त्याच्या आधीचा बुरूज आणि नंतरचा बुरूज यांच्यासह तो वाचावा लागतो.

२

ही सवय आली कुठून? एक कारण पुस्तकांच्या मांडणीत आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या स्थळांचा खंड १८८२ साली निघाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली झालेले हे काम अफाट आहे आणि आजही त्याच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. पण त्यातली स्थळे इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. आगाशी, अंबरनाथ, अर्नाळा, आशेरी ही नावे जवळजवळ येतात. म्हणजे शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव, वैतरणेच्या मुखावरचे बेट आणि जंगलातला डोंगरी किल्ला हे एकमेकांचे शेजारी होतात. आणि अर्नाळ्याचे किनाऱ्यावरचे खरे शेजारी केळवे, माहीम, तारापूर, डहाणू हे वेगवेगळ्या पानांवर विखुरतात. प्रशासकाला नाव शोधायचे असते, त्याच्या दृष्टीने ही मांडणी सोयीचीच. पण ज्या वास्तूचा अर्थ शेजाऱ्यावर अवलंबून आहे, तिचा अर्थ या मांडणीत पुसला जातो.

पुढे मराठीत चिं. ग. गोगटे यांचे ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले. मराठी दुर्गवाङ्मयाचा पाया ज्या पुस्तकांनी घातला, त्यांत त्याची गणना होते. तेथेही एकक आहे ते ‘एक किल्ला’. त्यानंतर गो. नी. दांडेकरांनी या लेखनाला जिवंत भाषा दिली. ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडलेल्या माणसांची गणती करता येणार नाही, आणि त्या ऋणातून मीही मुक्त नाही. परंतु गोनीदांचा जीव रायगड-राजगडात गुंतलेला होता. त्यांच्या लेखनात गड हे एक व्यक्तिमत्त्व असते. त्याचा स्वभाव, त्याचे दुःख, त्याचा एकांत आपल्याला भेटतो. डोंगरी गडाला ही रीत शोभते. किनाऱ्यावरच्या एका बुरुजाला मात्र व्यक्तिमत्त्व असे नसतेच. असलेच तर ते रांगेचे असते. गोनीदांचे अनुकरण करणाऱ्यांनी ती रीत जशीच्या तशी समुद्रकाठी नेली आणि ज्या वास्तूंत चढण्याजोगे, भारावून जाण्याजोगे काही नव्हते त्या गाळल्या.

गंमत अशी की आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित नव्हती. डोंगरी गडांच्या घेऱ्यात, वाटांच्या मोक्याच्या जागी मेटे असत. मेटकरी आपल्या कुटुंबासह तेथे राहत, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवत. मेट म्हणजे गडाचा पुढे नेलेला डोळा. ‘मेट’ हा शब्द आजही गडांखालच्या वस्त्यांच्या नावांत टिकून आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांना वेगवेगळी प्रकरणे दिलेली आहेत. दगडाची शक्ती आणि पाण्यावरची शक्ती या राज्यकर्त्याच्या दृष्टीने निराळ्या, पण एकाच राज्याच्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावरचा बुरूज या दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत येतो. तो दगडाचा आहे आणि त्याचे सगळे लक्ष पाण्यावर आहे. आपल्या अभ्यासातही तो असाच दोन प्रकरणांच्या मध्ये पडला.

३

बुरूज काय करतो हे समजायला थोडे गणित लागते. पृथ्वीच्या गोलाईमुळे समुद्रावर नजर कुठवर जाईल हे पाहणाऱ्याच्या उंचीवर ठरते. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला साधारण ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वाळूत उभ्या माणसाचा डोळा दोन मीटरवर धरला, तर त्याला पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी दिसते. तोच माणूस बारा मीटर उंचीवर गेला की क्षितिज सव्वाबारा किलोमीटरवर जाते. येणाऱ्या जहाजाची डोलकाठी पाण्यापासून वीस मीटर उंच असेल, तर तिचे टोक आणखी सोळा किलोमीटर पलीकडून डोकावू लागते. म्हणजे स्वच्छ हवेत, तयार नजरेच्या पहारेकऱ्याला सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवरून शिडाचे टोक सापडू शकते. जहाज ताशी नऊ किलोमीटरने येत असेल, तर किनाऱ्याच्या हातात तीन तास उरतात.

बुरूज निर्माण करतो ते हे तीन तास. तेवढ्यात गुरे आत हाकता येतात, बायका-मुलांना आडरानात नेता येते, होड्या खाडीत ओढता येतात, पुढच्या ठाण्याला धुराने किंवा आगीने खबर देता येते. गलबतांवरच्या चाच्यांना बुरूज अडवू शकत नाही. गाव बेसावध सापडणार नाही एवढेच तो पाहतो. त्याच्या यशाच्या दिवशी काहीच घडत नाही, आणि काही न घडलेला दिवस बखरीत येत नाही. आपल्या लेखनात त्याला जागा न मिळण्याचे हे दुसरे कारण.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. दहा मीटरवरून क्षितिज सव्वाअकरा किलोमीटरवर दिसते. चाळीस मीटरवरून साडेबावीस. उंची चौपट केली तरी नजर दुप्पटच होते. त्यामुळे एक प्रचंड मनोरा उभारण्यापेक्षा दहा-बारा मीटरचे चार बुरूज किनाऱ्यावर अंतराअंतराने उभारणे केव्हाही शहाणपणाचे. बुरूज लहान आणि साधे असतात, त्यामागे गरिबी नाही. हा हिशेब आहे. ‘फारसे काही पाहण्यासारखे नाही’ असा शेरा देऊन आपण पुढे जातो तेव्हा त्या हिशेबालाच दोष देत असतो.

४

आता ‘मार्टेलो’ या शब्दाकडे येते. त्यासाठी भूमध्य समुद्रात जावे लागेल.

कोर्सिका बेटाच्या किनाऱ्यावर जेनोवाच्या अमलाखाली सोळाव्या शतकात गोल बुरुजांची माळ उभी राहिली. उत्तर आफ्रिकेतून येणारे चाचे गावे लुटत आणि माणसे गुलाम म्हणून नेत, त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. पहारेकरी गावकऱ्यांतून नेमले जात, त्यांचा पगार स्थानिक करातून निघे. मूठभर माणसे बुरुजावरच राहत. रसद किंवा पगार आणायला एका वेळी एकालाच उतरता येई, आणि तेही दोन दिवसांपुरते. माल्टात १६५८-५९ मध्ये ग्रँड मास्टर मार्टिन दे रेदिन यांनी तेरा बुरूज बांधवले. रचना अशी की प्रत्येकाला शेजारचा दिसावा आणि खबर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावी. तिकडच्या अभ्यासकाला एका बुरुजाबद्दल लिहायचे झाले, तरी तो आधी माळेबद्दल लिहितो.

कोर्सिकाच्या मोर्तेला टोकावर असाच एक बुरूज होता. फेब्रुवारी १७९४ मध्ये ‘फॉर्टिट्यूड’ हे ७४ तोफांचे आणि ‘जुनो’ हे ३२ तोफांचे, अशी दोन ब्रिटिश लढाऊ जहाजे त्याच्यावर चालून गेली आणि मार खाऊन मागे फिरली. शेवटी जमिनीवरून तोफा डागून बुरूज घ्यावा लागला. ब्रिटिश अधिकारी इतके प्रभावित झाले की नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर १८०५ ते १८१२ या काळात अशा धर्तीचे शंभरावर बुरूज बांधले. नाव उचलताना ‘मोर्तेला’चे ‘मार्टेलो’ झाले.

गफलत नावात झाली तशी अर्थातही झाली. मोर्तेलाचा बुरूज दोनशेहून अधिक वर्षे पाहण्याचे काम करत होता; ब्रिटिशांच्या स्मरणात राहिली ती त्याची दोन दिवसांची लढाई. त्यांनी नक्कल केली ती त्या लढाईची : जाड भिंती, छतावर फिरती तोफ. जो बुरूज मुळात डोळा होता, त्याला त्यांनी मूठ समजले. आणि मी, नागपुरात बसून, अर्नाळ्याच्या बुरुजाला तोच शब्द चिकटवला. हा शब्द १७९४ नंतरचा. वैतरणेच्या मुखावरच्या तटबंदीचा इतिहास त्याच्या अडीच शतके मागे, गुजरातच्या सुलतानांपर्यंत जातो. इंग्रजांच्या एका गैरसमजाचे नाव मी आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या वास्तूला दिले आणि त्याबरोबर तो गैरसमजही तिच्यावर लादला. ‘मार्टेलो’ म्हटल्यावर वाचक तोफ शोधतो. तोफ दिसली नाही की त्याला बुरूज अपुरा वाटतो.

५

अर्नाळ्याचा बुरूज माळेत ठेवून वाचला तर काय दिसते? नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत उत्तरेकडे जावे. वैतरणेचे मुख ओलांडले की दातिवरे. मग एडवण. मग केळवे, तेथे किनाऱ्यावर एक कोट आणि पाण्यात शिरलेला पाणकोट. मग माहीम, शिरगाव, आणखी वर तारापूर आणि डहाणू. अर्नाळा ते डहाणू हे सरळ रेषेत सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. अर्नाळ्यापासून माहीमपर्यंत तर शेजारच्या दोन ठाण्यांतले अंतर दहा-बारा किलोमीटरांच्या पुढे क्वचितच जाते. वरच्या गणिताप्रमाणे हे अंतर एकमेकांच्या नजरेत राहण्याइतके आहे. आज केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची दाट लागवड आहे, त्यामुळे जागेवर उभे राहून ही रेघ दिसत नाही. ती झाडे मनातून काढून टाकावी लागतात.

दुर्गयाद्यांत यांतल्या कित्येक ठिकाणांसमोर ‘छोटा कोट’, ‘अवशेष’ असे शेरे असतात. एकेकटे पाहिले तर शेरा खोटा नाही. पण पोर्तुगीजांनी ही ठाणी एकेकटी वापरली नव्हती. दक्षिणेला वांद्र्याच्या टोकावर, माहीमच्या खाडीवर नजर ठेवणारा १६४० चा ‘कास्टेला दे आग्वादा’ही याच विचारातला. त्याच्या नावातच गोड्या पाण्याचा उल्लेख आहे. जहाजे तेथे पाणी भरत. म्हणजे बुरूज समुद्राकडे पाही, तसा खलाशीही समुद्रातून बुरुजाकडे पाही. १७३९ साली वसई पडत असताना हा गढीवजा बुरूज अर्धामुर्धा पाडून टाकण्यात आला. मराठ्यांच्या हाती तो गेला तर मुंबईकडे जाणारे पाणी त्यांच्या नजरेत येईल, ही इंग्रजांची भीती होती. तोफा काढून नेता येतात. उंचीवरून मिळणारी नजर काढून नेता येत नाही, म्हणून बुरूजच पाडावा लागतो.

वसईच्या मोहिमेकडेही या बाजूने पाहता येते. मार्च १७३७ मध्ये ठाणे आणि अर्नाळा मराठ्यांनी घेतले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडले. मे महिन्यात वसई. चिमाजी अप्पांच्या या मोहिमेवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण त्या लेखनात शौर्याच्या उजेडात एक साधी गोष्ट झाकली जाते. पोर्तुगीजांच्या ठाण्यांचे डोळे समुद्राकडे लागलेले होते आणि उत्तरेतली मराठी फौज मुख्यतः जमिनीवरून आली. मलबारी चाच्यांसाठी बांधलेली माळ पाठीकडून तुटली, आणि एक ठाणे गेल्यावर शेजारची ठाणी आंधळी होत गेली. मराठ्यांचे शौर्य याने उणावत नाही. उलट कुठून चालून जायचे याची त्यांची समज अधिक स्पष्ट होते.

मराठ्यांना नजरेचे मोल ठाऊक होतेच. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले तेव्हा मुंबईकर इंग्रज हादरले, कारण बंदरात शिरणारे आणि बाहेर पडणारे प्रत्येक जहाज त्या बेटावरून दिसणार होते. इंग्रजांनी आरमार पाठवले, मायनाक भंडारी यांनी बेट सोडले नाही. लगेच जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. आपण ही कथा आरमारी झुंजीची म्हणून सांगतो. ती एका डोळ्यासमोर दुसरा डोळा उभा केल्याचीही कथा आहे. १८६७ मध्ये त्याच खांदेरीवर दीपगृह उभे राहिले, हा योगायोग नव्हे. जागा तीच, गरज तीच.

६

यावर एक आक्षेप येईल. या बुरुजांची कागदपत्रे तुटपुंजी आहेत, मग लिहायचे कशावर? आक्षेप खरा आहे, पण पुरावा कागदातच असतो असे नाही. बुरुजाची उंची, त्याच्या खिडकीची दिशा, तिथून दिसणारी पुढची जागा हाही पुरावाच. दोन मित्रांनी दोन बुरुजांवर थांबून तिन्हीसांजेला विजेरी लावून पाहिली तरी एखादा निष्कर्ष पक्का होईल. किनाऱ्यावरच्या कोळी नाखव्यांना विचारावे. समुद्रावरून किनाऱ्याच्या दोन खुणा एका ओळीत धरून मासेमारीची जागा ओळखण्याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. कोणता बुरूज, कोणते देऊळ, कोणती टेकडी ते खुणेला धरतात याची नोंद झाली, तर रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्यासारखी वास्तू पाण्यावरून कशी वाचली जाई ते कळेल. आणि पहाऱ्यावर उभा कोण होता, हा प्रश्न तर आपण विचारलेलाच नाही. मुंबईत ऑन्जिअरच्या काळात भंडाऱ्यांची शिबंदी उभारली गेली हे आपल्याला माहीत आहे. बुरुजावर रात्र काढणारा माणूस किल्लेदार नव्हता, तो याच किनाऱ्यावरच्या कोणाचा तरी पूर्वज होता.

हे आत्ता म्हणण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी जोडलेले दुर्ग त्यात आहेत. नोंदीचे नाव लक्षात घेण्याजोगे आहे : ते किल्ल्यांचे नव्हे, ‘लष्करी भूप्रदेशा’चे आहे. म्हणजे डोंगर, खाडी, बेट, वाट आणि वास्तू यांचे परस्परसंबंध. आपण मात्र आनंदाने बारा नावांची यादी पाठ केली आणि भूप्रदेश हा शब्द सोडून दिला. यादीत नसलेला बुरूज ढासळला तर बातमी होत नाही. त्याचा दगड कोणाच्या तरी कुंपणाला लागतो, आणि माळेतला एक दुवा गेला हे कळायलाही कोणी माळ म्हणून पाहिलेले नसते. यात दोष सरकारी खात्यांचा असेल तेवढाच आम्हा लिहिणाऱ्यांचाही आहे. ज्याला आपण दीड ओळ दिली, त्याच्यासाठी दुसऱ्याने खर्च का करावा?

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या बाईने हे लिहावे का, असेही कोणी विचारेल. नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, ओडिशाचा किनारा होता. आम्हाला रघुजींच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आठवतात, चौथाई आठवते, देवगावचा तह आठवतो. त्या किनाऱ्यावर उभे राहून आमच्या वतीने समुद्राकडे कोण पाहत होते, हे आम्हीही कधी विचारले नाही. तेव्हा विस्मरण फक्त कोकणाचे नाही.

माझ्या जुन्या लेखाचे पुनर्मुद्रण व्हायचे आहे. त्यातून ‘मार्टेलो धाटणीचा’ हे शब्द मी काढले आहेत. त्या जागी लिहिले आहे : ‘बेटाच्या दक्षिणेचा टेहळणी-बुरूज, वैतरणेपलीकडच्या दातिवऱ्यासह पाहावा.’ ओळ आताही दीडच आहे, पण निदान ती वाचकाला पुढच्या ठाण्याकडे पाठवते.